मॉन्टसेराट : राखेखालची राजधानी



कॅरिबियन समुद्रात अँटिग्वाच्या नैर्ऋत्येला मॉन्टसेराट नावाचं एक बेट आहे. क्षेत्रफळ अवघं १०२ चौरस किलोमीटर. बेट ब्रिटनच्या ताब्यातलं. गव्हर्नर लंडनहून नेमला जातो, रोजचा कारभार मात्र तिथले निवडून आलेले लोकच पाहतात. राजधानी कागदोपत्री आजही प्लिमथ आहे, आणि त्या प्लिमथमध्ये एकही माणूस राहत नाही.

१९८९ साली ह्युगो चक्रीवादळानं बेटावरची बहुतेक घरं मोडली. लोक त्यातून कुठे सावरत होते, तोच १८ जुलै १९९५ रोजी दक्षिणेचा सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला. लिखित इतिहासात त्याच्या उद्रेकाची नोंद नव्हती.

ज्या लाव्ह्यातून आपला सह्याद्री घडला तो पातळ होता, म्हणून दूरवर पसरला. मॉन्टसेराटचा लाव्हा घट्ट, चिकट. तो विवराच्या तोंडाशीच साचतो आणि त्याचा घुमट वाढत जातो. घुमट ढासळला की लालबुंद दगड, राख आणि वायू यांचा लोट ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगानं खाली येतो. त्याच्यापुढे धावून कुणी वाचत नाही.

२५ जून १९९७ रोजी असाच लोट पूर्वेकडच्या गावांवर आला आणि १९ माणसं गेली. हा भाग धोक्याचा ठरवून बंद केलेला होता. मग माणसं तिथं का गेली? त्यांना बेपर्वा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बेटाची चांगली जमीन डोंगराच्या त्याच उतारांवर होती. घरदार सोडून आलेली कुटुंबं उत्तरेत शाळांत, चर्चमध्ये दाटीवाटीनं दिवस काढत होती. शेतात पीक उभं होतं, गुरं मागे राहिली होती. शेतकरी अशा वेळी काय करतो, हे तुम्हांआम्हांला वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी प्लिमथ जळालं आणि राखेखाली गेलं, विमानतळही गेला. सुमारे ११ हजार लोकवस्तीपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक बेट सोडून गेले, कुणी अँटिग्वाला, बरेचसे थेट ब्रिटनला. ब्रिटिश प्रजा असूनही त्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळायला २००२ साल उजाडावं लागलं. इतका उशीर का व्हावा, हा प्रश्न मला अजून छळतो.

जे राहिले, त्यांना रेडिओचा मोठा आधार होता. डोंगरावर नजर ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांचा अहवाल सरकारी झेडजेबी केंद्रावरून घरोघरी पोहोचे. आज आपण ज्या माध्यमातून बोलतो आहोत, त्याचं मोल त्या बेटानं जाणलं आहे.

या इवल्याशा भूमीनं जगाला संगीतही दिलं. ‘हॉट हॉट हॉट’ हे गाणं गाणारा ॲरो इथलाच. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९ मध्ये इथं स्टुडिओ उघडला होता. ह्युगोनंतर तो बंद पडला. क्रिकेटप्रेमींसाठी आणखी एक : लायनेल बेकर २००८ साली वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळला, मॉन्टसेराटचा पहिलाच.

सतराव्या शतकात इथं आयरिश लोक वसले, म्हणून १७ मार्चला सेंट पॅट्रिकचा दिवस असतो. पण त्या दिवसाचा अर्थ इथं दुहेरी आहे. १७६८ साली आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी याच दिवशी उठाव करायचं ठरवलं होतं. मालक मेजवानीत गुंतलेले असतील, असा त्यांचा अंदाज. बेत फुटला आणि नऊ जणांना फासावर चढवलं. आता या सणासाठी परदेशी गेलेली कुटुंबं बेटावर परततात.

सध्या साडेचार हजारांच्या आसपास लोक उत्तरेत राहतात. सरकारी कचेऱ्या ब्रेड्स गावात आहेत, नवा विमानतळ २००५ मध्ये सुरू झाला. ज्वालामुखीनं आणून टाकलेली वाळू जहाजात भरून शेजारच्या बेटांना विकली जाते, आणि जमिनीखालच्या उष्णतेतून वीज काढता यावी म्हणून खोल विहिरीही खोदल्या गेल्या आहेत.