मंडळ टिकतं महिन्याच्या बैठकीवर



गावोगावच्या संगीत मंडळांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. समोर बसलेल्यांपैकी कुणी दिवसा बँकेत असतं, कुणी शाळेत, कुणी दुकानात; संध्याकाळी मात्र हातात तंबोरा किंवा तबला असतो. सतरंज्या घालण्यापासून कलाकाराला स्टेशनावरून आणण्यापर्यंत सगळी कामं तुम्हीच करता. तुमच्यापुढे बोलायचं तर कामाचंच बोललं पाहिजे.

आपली परंपरा जुनी आहे. पुण्याचा गायन समाज १८७४चा, कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३चा. त्या काळात उत्तम गाणं ऐकायचं तर दरबारात ओळख हवी, नाहीतर एखाद्या धनिकाच्या माडीवरचं आमंत्रण. साध्या माणसाला ते दार मंडळांनी उघडून दिलं. १९०१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते लोकाश्रयाच्या भरवशावर. १९११ साली भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात भारत गायन समाज सुरू केला. बुवा १९२२ साली गेले, पण संस्था थांबली नाही. मास्तर कृष्णरावांसारख्या शिष्यांनी ती पुढे चालवली आणि शंभरी ओलांडून आजही तिथे विद्यार्थी शिकतात. एवढ्या थोर गवयाच्या मागे संस्था उरली, कारण तिथे नेमाने चालणारं काम होतं. आज मला हेच सांगायचं आहे: मंडळ टिकतं ते नेमावर.

आपल्यापैकी अनेक मंडळं वर्षातले तीन दिवस गजबजतात आणि उरलेलं वर्ष कुलूपबंद असतात. वर्गणी आणि देणग्यांतला मोठा हिस्सा मांडव, रोषणाई आणि एका नामवंताच्या बिदागीत जातो. महोत्सवाचं मोल मी जाणतो. १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने हजारोंना ऐकायची गोडी लावली. पण महोत्सवातला श्रोता दूर खुर्चीवर बसतो. गाणं घडतं कसं, हे त्याला तिथून दिसत नाही.

ते दिसतं महिन्याच्या बैठकीत. पावसाळ्यातली एखादी संध्याकाळ घ्या. हवा दमट, तबल्याची पुडी उतरलेली. तबलजी गट्टे खाली सरकवतो, गजऱ्यावर हातोडीचे हलके घाव घालत घराघरातून सूर जुळवून घेतो. बाजूला अकरावीतली मुलगी तंबोरा लावते आहे. तार सुरात आली, पण बोलत नाही. शेजारचे निवृत्त मास्तर वाकून घोडीवरचा दोरा केसभर सरकवतात आणि तार एकदम खुलते. जवारी म्हणजे काय, ते त्या मुलीच्या कानाला त्या क्षणी कळतं. रियाजाला यंत्रातला तंबोरा सोयीचा आहे, तो जरूर वापरावा. पण हा कान तयार होतो तो जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच, आणि तशी बसायची जागा देणं हे मंडळाचं पहिलं काम आहे.

म्हणून पुढच्या काळासाठी काही गोष्टी आग्रहाने मांडतो.

अंदाजपत्रक करताना आधी बारा बैठकींचे पैसे बाजूला काढा, महोत्सव उरलेल्या रकमेत करा. बैठकीचा पहिला अर्धा तास गावातल्या हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा असावा. पाहुण्या गवयाइतकाच मान साथीदाराला द्या आणि त्याचं पाकीट त्याच रात्री त्याच्या हातात पडू द्या.

मंडळाच्या मालकीची तंबोऱ्याची एक जोडी हवी आणि वर्षातून एकदा ती कारागिराच्या हाताखालून जायला हवी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पंढरपूर परिसरातला भोपळा निवडून त्याचं वाद्य करणारी घराणी मानांकनाच्या कागदावर जगत नाहीत. त्यांना खरेदी हवी, दुरुस्तीचं काम हवं. ते आपणच देऊ शकतो.

वेळेचाही विचार करू. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद असतो. सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर मैदानातली मैफल दहाला संपते. हा नियम लोकांच्या झोपेसाठी आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्यामुळे मालकंस, दरबारीसारखे उत्तररात्रीचे राग ऐन वेळी कानावर पडणं दुर्मिळ झालं. बंद दिवाणखान्यात, माइकशिवाय, पन्नास माणसांची बैठक मात्र आपण करू शकतो. पहाटेच्या आणि सकाळच्या बैठकी वाढवल्या तर ललत आणि तोडीही आपापल्या वेळी भेटतील.

तुमच्या कपाटांत जुन्या मैफिलींच्या कॅसेट आणि स्पूल आहेत. दर पावसाळ्यात त्यांना बुरशी चढते. यंदाच त्यांचं डिजिटल रूपांतर करून घ्या. मात्र कायद्याने सादरीकरणावर कलाकाराचा हक्क पन्नास वर्षं राहतो. त्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या संमतीशिवाय एकही ध्वनिमुद्रण बाहेर देऊ नका. यापुढे प्रत्येक बैठकीपूर्वी लेखी संमती घ्यायची पद्धत पाडा.

आता कारभाराविषयी. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. तो राहून गेला की दिवंगत माणसांची नावं दफ्तरी तशीच राहतात, बँकेतल्या सह्या अडतात आणि कामाला जीव असूनही संस्था लुळी पडते. अध्यक्ष आणि चिटणीस सलग दोन मुदतींनंतर बदलावेत. कार्यकारिणीत पस्तिशीच्या आतले दोघे तरी असावेत आणि त्यांच्यापैकी एकाला धनादेशावर सहीचा अधिकार असावा. तरुण नुसते खुर्च्या लावायला राहत नाहीत. विश्वास टाकला तर राहतात.

शेवटी, आपलं दार मोठं करू या. वारकरी भजनात पखवाज वाजवणाऱ्या मुलाचा हात किती तयार असतो, हे आपण ऐकत आलो आहोत. बँडपथकातला क्लॅरिनेटवाला उत्तम सुरात वाजवतो. गिटार घेऊन फिरणाऱ्या मुलामुलींना राग शिकायची ओढ असते. हे सगळे आपल्याच गावात राहतात आणि आपल्या सभासद-यादीत नसतात. त्यांना बोलवायला आपण स्वतः जायला हवं.

हे संमेलन संपायच्या आत प्रत्येक मंडळाने एक गोष्ट करावी, अशी माझी विनंती आहे. पुढच्या वर्षातल्या बारा बैठकींच्या तारखा ठरवा, त्या कागदावर लिहा आणि प्रत्येक तारखेपुढे जबाबदार माणसाचं नाव घाला. कलाकार नंतर ठरतील, पैसेही उभे राहतील. श्रोते पाच असोत वा पन्नास, ठरल्या तारखेला दार उघडून तंबोरा लावायचा, एवढा नेम आपण पाळला तर मंडळाच्या भविष्याची काळजी करायला दुसरी सभा भरवावी लागणार नाही.