निवासी शाळेची निवड


मुलास निवासी शाळेत धाडावे, हा विचार परभणी जिल्ह्यातील आपल्या कित्येक घरांतून चालू असतो. आम्हांस सुचवावयाचे ते इतकेच की, शाळेच्या नावाआधी तिचे नियम वाचावेत.

१९६१ साली निघालेली साताऱ्याची सैनिक शाळा साऱ्या महाराष्ट्रास खुली आहे. सहावीत आता मुलींनाही प्रवेश आहे. शुल्क मात्र सामान्य संसारास जड जाते.

नवोदय विद्यालयात शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य; परंतु पाचवी ज्या जिल्ह्यात, अर्जही तेथलाच, आणि परीक्षा आयुष्यात एकदाच. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातील शाळेतच झाली पाहिजेत. चांगल्या शिकवणीस्तव मूल पाचवीत नांदेडास हलविले, की परभणीचा हक्क गेला; तिसरीतच शहरात आणले, की ग्रामीण हक्क गेला. हौसेची घाई अशी मुलाच्याच मुळावर येते.

म्हणून गावची शाळा सोडविण्यापूर्वी पालकांनी पुन्हा विचार करावा. ऐपत असल्यास अर्ज दोन्हीकडे करावा. घरापासून दूर राहावयाचे ते लेकराने; तेव्हा त्याचेही मन जाणून घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.