भार, वेग आणि रीत

इ. स. २०१६ च्या ऑगस्ट महिन्यांत रिओ द जानेरो येथील ऑलिंपिक सामन्यांत मणिपूरची मीराबाई चानू ४८ किलो गटांत भारोत्तोलनासाठीं उभी राहिली. ‘क्लीन अँड जर्क’ या प्रकारांत प्रत्येक स्पर्धकास तीन वेळां प्रयत्न करण्याची मुभा असते. तिचे तिन्ही प्रयत्न फसले, आणि एकूण वजनाच्या रकान्यांत तिच्या नांवापुढें आंकडाच पडला नाहीं. जें वजन सरावांत ती सहज उचलीत असे, तेंच त्या दिवशीं तिला वश झालें नाहीं. लहानपणीं जळणाच्या जड मोळ्या वाहून आणणाऱ्या या मुलीच्या अंगीं बळ नव्हतें, असें कोण म्हणेल? एका दिवसाच्या अपयशाचीं कारणें अनेक असूं शकतात. पण या खेळांत बळ हें केवळ भांडवल आहे, आणि ऐन क्षणीं रीत साधली नाहीं तर तें भांडवल कामास येत नाहीं, एवढें त्या प्रसंगानें उघड झालें.

बळ आणि शक्ति हे शब्द व्यवहारांत एकाच अर्थानें वापरले जातात. पदार्थविज्ञानांत त्यांत भेद आहे. धान्याचें पोतें पाठीवर घेऊन जिना चढणारा हमाल मोठें बळ खर्च करतो, परंतु सावकाश. ६० किलो वजन १ मीटर वर नेण्यास सुमारें ५९० ज्यूल कार्य लागतें. तें २ सेकंदांत नेलें काय किंवा अर्ध्या सेकंदांत नेलें काय, कार्य तेवढेंच. मात्र पहिल्या प्रकारीं शक्ति सुमारें २९५ वॅट भरते, तर दुसऱ्या प्रकारीं तिच्या चौपट. उंच उडी मारणारा, भाला फेकणारा, शंभर मीटर धावणारा, या सर्वांना हवी असते ती ही दुसरी, स्फोटक शक्ति. कारण त्यांचा पाय भूमीस टेकतो तो क्षणमात्र, आणि जें कांहीं करावयाचें तें तेवढ्यांतच उरकावें लागतें.

ऑलिंपिकमध्यें भारोत्तोलन १८९६ सालीं अथेन्स येथेंच प्रविष्ट झालें. १९२८ पासून त्यांत तीन प्रकार रूढ झाले. त्यांपैकीं हातांच्या रेट्यानें वजन वर ढकलण्याचा ‘प्रेस’ हा प्रकार १९७२ नंतर बंद झाला. स्पर्धक पाठ मागें वांकवूं लागल्यामुळें पंचांना निर्णय देणें दुर्घट झालें होतें. उरले ते दोन. ‘स्नॅच’मध्यें दांडी भूमीवरून एकाच ओढींत थेट डोक्यावर जाते, ‘क्लीन अँड जर्क’मध्यें ती प्रथम खांद्यांवर आणि तेथून डोक्यावर जाते. हे दोन्ही प्रकार सावकाश करतांच येत नाहींत. म्हणूनच धांव, उडी व फेक यांचे शिक्षकहि आपल्या शिष्यांना या दोन उचलींकडे वळवितात.

स्नॅचची रीत पाहण्यासारखी आहे. मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असल्यामुळें दांडी भूमीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर असते. ती पावलांच्या मध्यावर येईल असें उभें राहावयाचें. अंगठा बोटांच्या आंत दाबून दांडी रुंद पकडावयाची. पाठ सरळ व ताठ, आणि खांदे दांडीच्या किंचित् पुढें. येथून गुडघ्यांपर्यंतची ओढ संथ असते. नवशिक्याची पहिली चूक येथेंच होते: तो भूमीवरूनच हिसका देतो, पाठ वांकते आणि पुढील सारें बिघडतें. दांडी अंगालगत ठेवून मांडीच्या वरच्या भागीं आली, कीं घोटे, गुडघे आणि कंबर हे तिन्ही सांधे एकदम सरळ होतात. खरा स्फोट तो हाच. तोंवर हात दोरखंडाप्रमाणें नुसते ताणलेले राहावयास हवेत. ते आधींच वांकले, तर पायांचा जोर वाटेंतच जिरतो. नंतर घडतें तें तर पाहणाऱ्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. खेळाडू वजन आणखी वर नेत बसत नाहीं. तो स्वतःच चपळाईनें त्याखालीं बसतो, हात ताठ करून तें डोक्यावर तोलतो, आणि मग उभा राहतो.

इतकें सर्व दोन-तीन क्षणांत घडावयाचें, म्हणून तें तुकड्यातुकड्यांनीं शिकावें लागतें. पुरुषांची मोकळी दांडी २० किलोंची व स्त्रियांची १५ किलोंची असते. आरंभास तीहि नको, हलकी लांकडी काठी पुरे. प्रथम काठी डोक्यावर धरून उठबैस, मग मांडीपासून उचल, मग गुडघ्यापासून, आणि सर्वांच्या शेवटीं भूमीपासून. फसलेलें वजन सोडून अंग कसें काढून घ्यावें, हेंहि आरंभींच शिकवावयाचें. एका खेपेस एक ते तीन उचली आणि मध्यें पुरेशी विश्रांति, हा सरावाचा नेम. वीस-वीस उचलींची रांग लावणारा घाम पुष्कळ गाळतो. परंतु थकलेल्या अंगास वेगहि राहत नाहीं आणि रीतहि राहत नाहीं. तालमींतील वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशीं जोडीस लावीत नाहीं. पवित्रा बसेपर्यंत त्याला थांबवितो. येथेंहि न्याय तोच. आज व्यायामशाळेंत जाणाऱ्या तरुणांस चकत्या चढविण्याची घाई असते, आणि तिची किंमत बहुधा कंबर किंवा खांदा भरतो.

वजन उचलल्यानें मुलांची उंची खुंटते, अशी धास्ती अनेक घरांत असते. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं, वयास झेपेल अशा भारानें केलेल्या सरावानें वाढ खुंटते, असें आढळून आलेलें नाहीं. पालकांनीं जपावयाचें तें भारापेक्षां अडाणी शिकवणीपासून. तसेंच, ही उचल म्हणजे सर्वसिद्धीचा मंत्रहि नव्हे. उडी मारणाऱ्यानें उडीच मारली पाहिजे. भारोत्तोलन तिला जोर पुरवील, पण तिची जागा घेणार नाहीं.

मीराबाई रिओहून परतली आणि पुन्हां सरावास लागली. २०१७ सालीं अनाहाइम येथें एकूण १९४ किलो उचलून ती जगज्जेती झाली. पुढें खांदा व पाठ यांच्या दुखण्यानें ती जेरीस आली, तेव्हां २०२० मध्यें अमेरिकेंत जाऊन तिनें त्यांवर उपचार घेतले व आपल्या शरीराच्या हालचालींतील दोष सुधारून घेतले. एप्रिल २०२१ मध्यें ताश्कंद येथें तिनें क्लीन अँड जर्कमध्येंच ११९ किलोंचा जागतिक उच्चांक केला, आणि त्याच वर्षीच्या जुलैंत टोकियो येथें ८७ व ११५ मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविलें. ज्या उचलीनें पांच वर्षांपूर्वीं तिला रिकाम्या हातानें परत धाडलें होतें, तीच तिच्या कीर्तीस कारण झाली. जगज्जेत्या खेळाडूलाहि आपली हालचाल पुन्हां तपासून घेण्यांत कमीपणा वाटला नाहीं. मग काल व्यायामशाळेंत पाऊल टाकलेल्या मुलानें चार महिने लांकडी काठी हातीं धरली, तर त्यांत लाजण्याजोगें कांहींच नाहीं.