एका रात्रीचें अंतर



मनोनिग्रह, विवेक आणि यश हे तीन शब्द एकत्र आले कीं ऐकणाऱ्याला पुढच्या उपदेशाची चाहूल लागते, आणि तो हळूच उठून दुसऱ्या कामाला लागतो. आपण तसें करूं नये, एवढीच प्रथम विनंति. मी शाळामास्तर. उपदेश करण्यांत माझें आयुष्य गेलें हें खरें. परंतु आज जी गोष्ट मी सांगणार आहें ती मीं कोणाला शिकविलेली नसून एका विद्यार्थ्यानें मला शिकविलेली आहे, आणि तिची फी मात्र त्यालाच भरावी लागली.

त्या काळीं छडी हा मास्तराच्या पोशाखाचाच एक भाग समजला जात असे. गणिताच्या वह्या मी तपाशीत होतों. उदाहरण चक्रवाढ व्याजाचें होतें. दोन वह्यांत उत्तर चुकलेलें आणि चूकही अगदीं एकच. दुसऱ्या वर्षाचें व्याज काढतांना दोघांनींही मूळचेंच मुद्दल धरलें होतें, आणि पुढें बेरजेंत एकाच ठिकाणीं दोघेही हातचा विसरले होते. एक वही एका वकिलांच्या मुलाची. दुसरी मंडईंत भाजी विकणाऱ्या एका बाईच्या मुलाची. एवढें पाहतांच माझ्या मनांत निकाल तयार झाला. तयार झाला म्हणण्यापेक्षां तो तेथें आधींपासून होताच, त्याला फक्त निमित्त मिळालें. भाजीवालीच्या मुलाला मीं पुढें बोलाविलें. "मीं नक्कल केली नाहीं, गुरुजी," एवढेंच तो म्हणाला. आणखी बोलण्यास मीं त्याला अवसर दिला नाहीं. चार छड्या मारल्या आणि त्याच्या वहीवर तांबड्या शाईनें 'नक्कल' असा शब्द लिहिला.

दुसऱ्या दिवशीं पहिली घंटा होण्यापूर्वीं वकिलांचा मुलगा माझ्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला. रात्रीं त्याला झोंप लागली नव्हती हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतें. वही मागून नेऊन उदाहरण उतरविलें होतें तें त्यानेंच. मीं भर वर्गांत माझी चूक कबूल केली, त्या दुसऱ्या मुलाची क्षमा मागितली, वहीवरचा शब्द खोडला. मला वाटलें, प्रकरण मिटलें. तें मिटलें नव्हतें. प्रश्न विचारतांच जो मुलगा सर्वांच्या आधीं हात वर करीत असे, त्यानें माझ्या तासाला पुन्हा कधींही हात वर केला नाहीं. त्याला उत्तर येत नसे असें नव्हे. विचारलें तर तो बरोबर सांगे. परंतु आपण होऊन माझ्याकडे येण्याची वाट मीं त्याच्यापुरती बंद करून टाकली होती.

माझें काय चुकलें, याचा मीं पुष्कळ विचार केला. बुद्धि कमी पडली असें म्हणवत नाहीं. दोन वह्यांत एकच चूक आढळली तर कोणीतरी नक्कल केली एवढेंच सिद्ध होतें. कोणी केली हें सिद्ध होत नाहीं. हा साधा तर्क भूमितीच्या तासाला मी मुलांना रोज शिकवीत असें. तो त्या क्षणीं मला सुचला नाहीं, कारण संतापलेल्या माणसाला एकाच बाजूचीं कारणें सुचतात. सकाळपर्यंत मी थांबलों असतों तर सत्य आपल्या पायांनीं माझ्या टेबलापर्यंत चालत आलें असतें. माझ्या न्यायांत उणीव होती ती फक्त एका रात्रीची.

मनोनिग्रह म्हणजे राग येऊंच न देणें, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे असें मला वाटतें. आणि तिच्यामुळेंच पुष्कळ सज्जन माणसें दोन दिवस प्रयत्न करून नाद सोडून देतात. राग हा शिंकेसारखा न विचारतां येतो. आपल्या हातीं असतें तें इतकेंच, कीं राग येणें आणि त्याप्रमाणें कृति होणें यांच्यामध्यें अंतर ठेवावें. त्या अंतरांत विवेकाला उभें राहावयास जागा मिळते.

मोठ्या माणसांनाही राग येतो, आणि तो बाहेरही पडतो. १२ मे १६६६ रोजीं आग्र्याच्या दरबारांत शिवाजी महाराजांना त्यांच्या योग्यतेस न शोभणाऱ्या रांगेंत उभें करण्यांत आलें, तेव्हां त्यांचा संताप भर दरबारांत प्रकट झाला. परिणामही लगेच दिसला. त्यांच्या निवासाभोंवतीं पहारे बसले. परंतु आपण पाहावयाचें तें पुढच्या तीन महिन्यांकडे. त्या दिवसांत त्यांनीं आपल्याबरोबरची माणसें हळूहळू दक्षिणेकडे रवाना केलीं, पहारेकऱ्यांचा संशय मंदावूं दिला, आणि १७ ऑगस्टला ते निसटले. त्याच्या आदल्याच वर्षीं, जून १६६५ मध्यें, पुरंदरच्या तहांत त्यांनीं २३ किल्ले देऊन १२ राखले होते. त्या दिवशींचा अभिमान सांभाळावयाचा असता तर तह झालाच नसता. तो गिळून त्यांनीं वेळ मिळविला, आणि १६७० सालीं सिंहगडापासून किल्ले परत घेण्यास आरंभ केला. दरबारांतील तो एक क्षण आणि नंतरचे तीन महिने शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे संयमाचें बळ ध्यानांत येतें.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील आहे. १८६३ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत गेटिसबर्गची लढाई झाली आणि दक्षिणेकडील सेनापति ली यास माघार घ्यावी लागली. वाटेंत पोटोमॅक नदीला पूर आलेला. त्याला तेथेंच गांठलें तर युद्ध संपेल, अशी अध्यक्ष लिंकन यांची आशा होती. परंतु त्यांचे सेनापति मीड यांनीं वेळेवर हल्ला केला नाहीं, आणि ली नदी उतरून पार झाला. १४ जुलैला लिंकन यांनीं मीड यांस अत्यंत खेदाचें, कठोर पत्र लिहिलें. तें त्यांच्या कागदपत्रांत पुढें सांपडलें. पाठविलें नाहीं व सही केली नाहीं, असा शेरा त्यावर होता. मीड युद्ध संपेपर्यंत त्याच सैन्याच्या सेनापतिपदावर राहिले. लिंकन यांनीं राग दाबला नाहीं. तो सविस्तर लिहून काढला आणि खणांत ठेवला.

पूर्वीं पत्र लिहिलें तरी तिकीट लावून पेटीपर्यंत चालत जावें लागे. त्या चार पावलांच्या वाटेनें कितीतरी मैत्र्या आणि कितीतरी भावाभावांचीं नातीं वांचविलीं असतील! आज मोबाइल फोनवर बोट टेकतांच शब्द सुटतो. वाट राहिली नाहीं. म्हणून ती आतां प्रत्येकानें स्वतः बांधावयास हवी.

हें झालें रागाविषयीं. परंतु उतावीळपणा केवळ रागांतूनच येतो असें नाहीं. तो हौसेंतून येतो, भीतींतून येतो, लोक काय म्हणतील या विचारांतूनही येतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तो कांहीं रागानें नव्हे. नोकरी सोडावी कीं नाहीं, घर घ्यावें कीं नाहीं, मुलाला कोणत्या शाखेला घालावें, अशा प्रसंगीं काय करावें? १७७२ सालीं जोसेफ प्रीस्टली या विद्वानापुढें असाच एक प्रश्न उभा राहिला व त्यानें बेंजामिन फ्रँकलिन यांचा सल्ला विचारला. फ्रँकलिन यांनीं काय ठरवावें तें सांगितलें नाहीं. कसें ठरवावें तें सांगितलें. कागदावर मधोमध रेघ ओढावी. एका बाजूला अनुकूल कारणें, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीं एका बैठकींत नव्हे, तर तीनचार दिवसांत जशीं सुचतील तशीं लिहावीं. मग दोन्हीं बाजूंचीं समान वजनाचीं कारणें खोडीत जावें. एकीकडचें एक कारण दुसरीकडच्या दोघांइतकें भारी असेल तर तिन्ही खोडावीं. शेवटीं जी बाजू उरेल ती पाहावी. यांतील मर्म खोडाखोडींत नसून त्या तीनचार दिवसांत आहे. दोन्हीं बाजूंचीं कारणें एकाच वेळीं मनांत हजर नसतात. एक येतें तेव्हां दुसरें दृष्टीआड होतें. कागद सर्वांना एकत्र बसवितो.

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, थांबला तो संपला." आक्षेप खरा आहे. घराला आग लागली असतां कागदावर रेघा ओढीत बसणारा शहाणा नव्हे. मूल तापानें फणफणत असेल तर डॉक्टरांकडे आत्तांच जावें. क्षमा मागावयाची असेल, कोणाचें चांगलें काम वाखाणावयाचें असेल, तर एक दिवसही उशीर करूं नये. शिवाय विलंब आणि टाळाटाळ यांत मोठा फरक आहे. निर्णय केव्हां घेणार तो दिवस ठरवून थांबणें याला मी विवेक म्हणतों. दिवस न ठरवितां थांबणें हा आळसच होय, मग त्याला नांव कांहींही द्या. म्हणून मी एका रात्रीचें अंतर म्हणतों, एका वर्षाचें नव्हे.

ही संवय मोठ्या प्रसंगाची वाट पाहत बसल्यानें लागत नाहीं. मोठा प्रसंग हा परीक्षेचा दिवस, अभ्यास रोजचा. भाजींत मीठ कमी पडलें तर पहिला घांस गिळून मग बोलावें. दुकानांत एखादी वस्तु मनांत भरली तर आज घरीं यावें आणि उद्यां ती आठवली तरच परत जावें. घरांतील मूल अपराध करून समोर उभें राहिलें तर आधीं त्याला पुरतें बोलूं द्यावें. या क्षुल्लक गोष्टी आहेत हें मला ठाऊक आहे. परंतु पाढे पाठ नसलेल्या मुलाला व्याजाचें उदाहरण सुटत नाहीं, हा माझा धंद्यांतला अनुभव आहे.

त्या प्रसंगानंतर मीं एक वही केली. वर्गांत कोणी अपराध केला तर तो त्यांत लिहावयाचा, आणि शिक्षा दुसऱ्या दिवशीं ठरवावयाची. आदल्या दिवशीं घोर वाटलेला अपराध सकाळीं वाचतांना पुष्कळदां नुसता पोरकटपणा ठरे; क्वचित् कोठें, हलका वाटलेला अपराध सकाळीं गंभीरही दिसे. मुलांनाही याची संवय झाली. सकाळीं येऊन आपण होऊन खरें सांगणारीं मुलें वाढलीं, कारण रात्र जशी मला मिळत होती तशीच त्यांनाही मिळत होती. छडी कपाटावर गेली ती तेथेंच राहिली.

ती वही अजून माझ्यापाशीं आहे. तिच्या पहिल्या पानावर कोणा विद्यार्थ्याचें नांव नाहीं, माझें आहे. अपराध: पुराव्यावांचून निर्णय. शिक्षेची जागा मीं कोरी सोडली होती. एका मुलाच्या न उठलेल्या हातानें ती पुढें वर्षभर भरली. आपल्यापैकीं कोणाला असें पान लिहावें लागूं नये, एवढ्यासाठींच आज आपला वेळ घेतला.