पाणी निवळलं, गाळाचं काय?

सांडपाणी प्रक्रिया केंद्र पाहून आलेला प्रत्येक जण निवळलेल्या पाण्याचे फोटो दाखवतो. मी आज मागच्या टाकीतल्या गाळाबद्दल बोलणार आहे.

गोष्ट मँचेस्टरच्या डेव्हिहुल्म केंद्राची. तिथल्या सांडपाण्यावर आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी प्रयोग केले, ते 1914 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी पाण्यात हवा सोडली आणि तळाला बसलेला गाळ फेकला नाही. पुढच्या पाण्यात तोच वापरला. आधी पूर्ण शुद्धीला आठवडे लागत, ते काम तासांवर आलं. कारण गाळ म्हणजे घाण खाणारे जिवाणू. जगभर आज हीच पद्धत चालते.

पण खाणारा वाढतोच! म्हणून रोज थोडा जादा गाळ काढावा लागतो. त्यात शेकडा 98-99 भाग पाणी, म्हणजे वाहून न्यायलाही महाग. मँचेस्टर तो जहाजांत भरून आयरिश समुद्रात ओतत असे. ब्रिटनमध्ये हा प्रकार 1998 च्या अखेरीस बंद झाला. तोवर शहर स्वच्छच म्हणायचं, नाही का?

बंद टाकीत गाळ कुजवला तर गॅस मिळतो. अडचण जिवाणूंच्या चिवट आवरणाची. ते फुटायलाच वेळ लागतो, एकेका खेपेला दोन-तीन आठवडे जातात. मग आवरण आधीच फोडायचं. अल्ट्रासाउंडने गाळात बारीक बुडबुडे होतात आणि त्यांच्या फुटण्याच्या दणक्याने पेशी फाटतात. ओझोन किंवा अल्कलीनेही जमतं. पण विजेचं किंवा रसायनांचं बिल बघून पुष्कळांचा उत्साह मावळतो.

मला पटते ती प्रेशर कुकरची रीत. सुमारे 165 अंश तापमान, हवेच्या सहापट दाब, अर्धा तास. मग दाब एकदम सोडायचा. पेशी फुटतात, रोगजंतू मरतात, गॅस वाढतो, उरलेला गाळ नीट पिळला जातो. लागणारी बरीचशी उष्णता त्याच गॅसमधून मिळते. डेव्हिहुल्ममध्ये 2013 पासून हेच चालतं.

तरी एक गोष्ट कुठलाच कुकर करत नाही. शिसं, कॅडमियम फुटत नाहीत. कारखान्याचं पाणी गटारात सोडलं तर ते गाळात उतरतात, गाळ खत म्हणून शेतात गेला तर तिथेही. त्यामुळे तुमच्या नगरपालिकेत जाल तेव्हा ‘किती पाणी शुद्ध केलं’ एवढंच विचारू नका. गाळ किती निघाला, कोणी उचलला, कुठे टाकला आणि त्याची तपासणी कधी झाली, हे लेखी मागा. अर्जाची प्रत जपून ठेवा.