दात काढण्याआधी विचारा

चेहऱ्याच्या एकाच बाजूला करंट बसावा तशी कळ, काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची. ब्रश लागला की येते, घास चावला की येते, दाढी करताना येते, गार वाऱ्यानेही येते. मग माणूस दात काढायला निघतो. माझं आज एकच सांगणं आहे: थांबा, आधी ही कळ नसेची आहे का ते विचारा.

ही नस समजून घ्यायला आपला पुण्याचा कात्रजचा तलाव पाहा. नानासाहेब पेशव्यांनी तिथून जमिनीखालच्या नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलं. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे नळात उतरायची तोंडं, ठेवले. हौदात पाणी आलं नाही, तर हौद फोडून काय मिळणार? उच्छ्वासात उतरत मागे मागे जायचं, थेट तलावापर्यंत. चेहऱ्याची पाचवी नस अशीच. ती मेंदूच्या बुडाशी निघते आणि तिचे तीन फाटे होतात: कपाळाकडे, गालाकडे, खालच्या जबड्याकडे. दुखतं दातात, पण बिघाड बहुधा उगमाशी असतो. तिथे एखादी रक्तवाहिनी नसेला टेकून ठोके देत राहते, नसेवरचं आवरण झिजतं, मग नुसत्या स्पर्शाचीही कळ होते. क्वचित गाठ निघते, क्वचित मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार. म्हणून एमआरआय लागतो.

हा आजार पन्नाशीनंतर जास्त, त्यातही बायकांमध्ये. आणि आमच्या मावश्या-काकू काय करतात? त्या बाजूने चावणं सोडतात, तोंड धुणं टाळतात, पण डॉक्टरकडे जात नाहीत. जातात तेव्हा एक दात काढून येतात, मग शेजारचा. "काढल्यावर थांबलं होतं हो," म्हणतात. अहो, ही कळ मधूनच महिनोन्‌महिने आपणहून गप्प बसते! दात बिचारा चांगला होता. पुन्हा सांगते, हौद फोडू नका.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे चालत नाहीत. कार्बामाझेपिन नावाचं औषध बहुतेकांना लागू पडतं. पण ते मनाने सुरू करू नका, एकदम बंदही करू नका. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळी पुरेनाशी झाली तर शस्त्रक्रिया आहे. कानामागून जाऊन नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवतात.

गाल बधिर वाटत असेल, किंवा तरुण वयात ही कळ सुरू झाली असेल, तर दिरंगाई नको. दंतवैद्यांकडे जरूर जा, एक्स-रे काढा. दातात दोष दिसला नाही, तर न्यूरॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी मागून घ्या.