फुकुओका यांच्या शेतावरील धडे



नैसर्गिक शेती, बिनखर्ची शेती, पर्माकल्चर हे शब्द आता गावोगावच्या सभांतून कानी पडतात. बियाणे, खते, औषधे आणि मजुरी यांच्या भाराखाली वाकलेल्या अल्पभूधारकाला त्यांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु या शब्दांमागे आयुष्यभराचे श्रम आणि निरीक्षण आहे. त्याची ओळख करून न घेता कोणी केवळ शब्दांमागे धावला, तर लाभाऐवजी हानीच पदरी पडण्याचा संभव असतो. म्हणून जपानमधील एका शेतकऱ्याच्या जीवनाकडे, आणि विशेषतः त्याच्या हातून घडलेल्या एका चुकीकडे, आपले लक्ष वेधावयाचे आहे.

मासानोबु फुकुओका यांचा जन्म १९१३ साली शिकोकु बेटावरील एहिमे प्रांतात, इयो या गावी झाला. वनस्पतिरोगशास्त्राचे शिक्षण घेऊन ते योकोहामा बंदरातील जकात खात्यात वनस्पती-तपासणीच्या कामावर रुजू झाले. १९३७ साली ते गंभीर आजारी पडले. त्या आजारातून उठल्यावर निसर्गाच्या कामात माणसाने ढवळाढवळ करण्याची मुळी गरजच नाही, असा विचार त्यांच्या मनाने घेतला. नोकरी सोडून ते गावी परतले आणि वडिलांच्या संत्र्याच्या बागेत तो विचार आचरणात आणू लागले.

फळ काय मिळाले? वर्षानुवर्षे छाटणी होत आलेली ती झाडे त्यांनी एकाएकी मोकळी सोडली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, आतल्या भागात ऊन-वारा शिरेना, किडीचे फावले आणि वडिलांनी जोपासलेली बाग डोळ्यांदेखत वाळून गेली. ही हकीगत फुकुओका यांनी लपवून ठेवली नाही. पुढे जगभर गाजलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ती स्वतःच सांगितली आणि तिचा अर्थही स्पष्ट केला. झाडाची नैसर्गिक ठेवण एकदा मोडली, की त्याला माणसाचा आधार लागतो. तो आधार अचानक काढून घेणे म्हणजे झाडाला निराधार करणे होय. त्याला नैसर्गिक शेती म्हणता येत नाही.

त्यानंतर युद्धकाळात त्यांनी कोची प्रांतातील कृषी संशोधन केंद्रात कीड व रोग यांच्या नियंत्रणाचे काम केले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा गावी आले ते कायमचेच. सव्वा एकर भातशेती आणि साडेबारा एकर फळबाग एवढ्या क्षेत्रावर पुढील काही दशके ते एकच प्रश्न विचारीत राहिले : शेतीतील कोणते काम न केले तरी चालेल? एकेक काम वगळून पाहावे, परिणाम न्याहाळावा आणि मगच पुढचे पाऊल टाकावे, असा त्यांचा क्रम होता.

या क्रमातून त्यांची भाताची पद्धत सिद्ध झाली. ऑक्टोबरमध्ये उभ्या भातातच ते क्लोव्हरचे बी फोकीत. क्लोव्हर हे आपल्या बरसीमच्या जातीचे द्विदल गवत आहे. पाठोपाठ राय अथवा जव यांसारख्या हिवाळी धान्याचे बी पडे. भात कापून झोडपला, की त्याचा पेंढा त्याच शेतावर पसरला जाई. पुढील हंगामाचे भाताचे बी मातीच्या गोळ्यांत लपेटून हिवाळ्याच्या तोंडीच टाकले जाई, म्हणजे पाखरे व उंदीर ते खात नसत. मे महिन्यात हिवाळी पीक निघाले, की त्याचे काड पुन्हा शेतावर पसरावयाचे आणि पावसाळ्यात थोडे दिवस पाणी साठवून तण व क्लोव्हर यांचा जोर मोडावयाचा. नांगरणी, चिखलणी आणि लावणी यांची गरज उरली नाही. पाव एकरात सुमारे ५०० ते ६०० किलो भात मिळत असल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे.

या पद्धतीत तपशिलाला केवढे महत्त्व आहे, हे पाहण्याजोगे आहे. पेंढा नीटनेटका, ओळीने अंथरला तर त्याखालील कोंब वर येऊ शकत नाहीत. तो अस्ताव्यस्तच पसरावा लागतो. भाताचा पेंढा हिवाळी पिकावर आणि हिवाळी पिकाचे काड भातावर घालावयाचे. एका पिकाचा पेंढा त्याच पिकावर घातल्यास रोग पसरण्याची भीती असते. पेंढा कुजावा म्हणून वर कोंबड्यांचे थोडे खतही टाकले जाई. यावरून 'काहीही न करणे' या त्यांच्या वचनाचा खरा आशय कळतो.

डोंगरउतारावरील तांबड्या, कठीण जमिनीतही त्यांनी हाच धडा घेतला. प्रथम चर खणून त्यांत पेंढा आणि रानातील नेचे पुरण्याचा खटाटोप झाला. श्रम फार आणि फळ थोडे, असा अनुभव आला. पुढे लाकडे पुरून पाहिली. शेवटी त्यांच्या ध्यानात आले, की बाहेरून लाकूड वाहून आणण्यापेक्षा बागेतच झाडे वाढवावीत. मग अकेशियाची झाडे, खाली क्लोव्हर आणि मधूनमधून मुळ्यासारख्या खोल मुळांच्या भाज्या यांनी तीच माती भुसभुशीत केली.

फुकुओका यांचे पुस्तक १९७५ साली जपानीत आणि १९७८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याच १९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी पर्माकल्चर ही संज्ञा पुस्तकरूपाने जगापुढे मांडली. १९८८ साली फुकुओका यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि विश्वभारतीनेही त्यांचा देशिकोत्तम पदवीने गौरव केला. २००८ साली वयाच्या ९५ व्या वर्षी ते निवर्तले.

आता प्रश्न आपल्या जमिनीचा. शिकोकु बेटावर पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत पडून जातो आणि पुढे रान कोरडे राहते. तिकडे पेंढा शेताला देता येतो. आपल्याकडे त्याच पेंढ्याकडे गोठ्यातील जनावरे डोळे लावून असतात. म्हणून जपानी पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. उंबरगावजवळील देहरी येथे, महाराष्ट्राच्या सीमेलगत, भास्कर सावे यांनी आपला मार्ग आपणच शोधला. प्रारंभी रासायनिक खते वापरणाऱ्या या शेतकऱ्याने पुढे ती सोडली आणि नारळ व चिकूच्या बागेत झाडांच्या ओळींमधून चर काढले. पाणी बुंध्याशी न देता चरात दिल्याने मुळे ओलाव्याच्या शोधात दूरवर पसरत. ही बाग पाहून फुकुओका यांनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती. सावे यांनी फुकुओकांच्या पद्धतीची नक्कल केलेली नव्हती, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यावरून गावपातळीवर काम करणाऱ्यांनी काही गोष्टी मनाशी बांधाव्यात. पहिली, कोणत्याही शेतकऱ्याला सर्व खत-औषध एका हंगामात बंद करण्याचा सल्ला देऊ नये. दोन-चार गुंठ्यांत प्रयोग करावा आणि उरलेल्या शेतावर घरचा चरितार्थ चालू ठेवावा. दुसरी, एखादे काम सोडण्यापूर्वी ते कशासाठी केले जात होते आणि ते काम आता कोण करणार, हे विचारावे. निंदणी सोडावयाची तर तण दाबणारे आच्छादन आधी हवे. खत सोडावयाचे तर द्विदल पीक आणि पालापाचोळा आधी हवा. तिसरी, चाऱ्याची सोय झाल्याशिवाय पेंढा शेतात राहणार नाही. बांधावर आणि गायरानात चाऱ्याची व पाल्याची झाडे लावण्याचे काम पंचायतीने हाती घ्यावे. चौथी, शाळेच्या परसातील एका वाफ्यावर आच्छादन घालावे, शेजारचा उघडा ठेवावा आणि दोहोंतील ओलावा, तण व पीक यांची नोंद मुलांनी वर्षभर ठेवावी.

एका होतकरू तरुणाच्या घाईने वडिलांची बाग वाळली. त्याला सावरण्यास पुढचे सारे आयुष्य मिळाले. आपल्या गावातील दोन एकरांच्या धन्याला अशी सवड नसते. त्याचा एक हंगाम बुडाला, तर घर कर्जात जाते. सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने ही जबाबदारी ओळखावी. शेतीतील कामे कमी करता येतात, खर्चही कमी करता येतो. मात्र आधी जमीन त्यासाठी सिद्ध व्हावी लागते, आणि तिची सिद्धता ओळखण्यासाठी रोज बांधावर जावे लागते.